डबी रोज रिकामी करायची

१२ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. वाकून करायचा तर दोर सोडावा लागेल, तेव्हा लटकल्या लटकल्याच मान्य करून घे.

फोनवर तुला ओरडून सांगितलं की माझ्या चारी बाजूच्या खोल्यांना ऐकू जातं आणि तुला मात्र जात नाही, म्हणून हे पत्र. बातमी अशी की माझा चष्मा अकराव्या मजल्यावरून खाली पडला. दोरावर लटकून इमारतीच्या बाहेरची काच पुसत होते, घाम नाकावर आला, चष्मा घसरला आणि मी हात पुढे करेपर्यंत गेलासुद्धा. कुणाच्या डोक्यात पडला नाही हे नशीब. खाली कुंड्यांच्या रांगेत सापडला, एक दांडी आणि अर्धी काच.

आठ नंबरच्या डोळ्यांनी अकराव्या मजल्यावर लटकलं की कसं वाटतं ते लिहून कळायचं नाही. मला माझ्याच बुटांची टोकं दिसेनात. माझी दोरावरची जोडीदारीण शेजारच्या दोरावर होती. ती एकेक हात सांगत गेली, इथे पाय टेक, आता सैल सोड, आणि मी आंधळ्यासारखी उतरले. खाली आमचा मुकादम तयारच होता. म्हणाला, चष्मा घालून वर जायचं नाही. लेन्स लाव, नाहीतर खाली बादल्या भर.

बादल्या भरायला मी इथे आले नाही. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात जाऊन लेन्स घेतल्या, मऊवाल्या, महिनाभर वापरायच्या. दुकानातल्या बाई कडक आहेत. पहिली लेन्स डोळ्यात जायला पाऊण तास लागला. बोट जवळ आलं की डोळा आपोआप मिटायचा, मी त्याला शिव्या घालायचे आणि बाई मला. लेन्स बोटावर ठेवून बघायची, वाटीसारखी उभी असली तर सुलटी, बशीसारखी फाकली तर उलटी. हात साबणाने धुवायचे, धागे न सुटणाऱ्या फडक्याने कोरडे करायचे. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही. लेन्स घालून झोपायचं नाही. आणि रात्री लेन्स ज्यात बुडवून ठेवायच्या त्या डबीत रोज नवीन औषध घालायचं.

हे शेवटचं मला सांगायची गरजच नव्हती. तुझ्या डार्करूममध्ये वाढलेली मुलगी आहे मी. चाळीस वर्षं तू फोटो धुतलेस आणि डेव्हलपरची, फोटो उमटवायच्या औषधाची, ती मोठी बाटली कधी मोरीत रिकामी केली नाहीस. संध्याकाळी मापाने ताजं घालायचं, जुनं मुरलेलं तसंच ठेवायचं. मीही डबीत रोज ताजं घालते, वरून भर. बाईंना म्हणावं, आमच्या घरात हे रक्तात आहे.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी भाची

२१ जानेवारी

चि. माकडास,

अनेक आशीर्वाद, आणि दोन धपाटे उधार.

दादाला सांगायचं नव्हतं तर पाकिटावर एवढ्या ठसठशीत अक्षरात माझं नाव घालायचं नव्हतं. तो दुकानात बसलेला, पोस्टमनने त्याच्याच हातात दिलं. माझ्यासमोर उभा राहिला आणि वाचून दाखव म्हणाला. चष्म्याचा भाग मी गाळून बघितला, पण मला खोटं वाचता येत नाही, मध्येच अडखळते. मग सगळंच वाचलं.

तुझा बाप काय म्हणाला ते शब्दशः लिहीत नाही, कागद चांगला आहे. थोडक्यात, डोळ्यात प्लॅस्टिक घालून दुसऱ्यांच्या काचा पुसत लटकायला त्याने तुला शिकवलं नाही. दुकानात झेरॉक्सच्या मशीनशेजारी खुर्ची रिकामी आहे, चष्मा लावून तिथे बस. मी म्हटलं, तू स्वतः दिवसभर त्या खुर्चीत बसून जांभया देतोस, तिला कशाला बोलावतोस? त्यावर तो बरंच बोलला. मला ऐकू येत नाही याचा कधी कधी फार फायदा होतो.

मला डार्करूममध्ये शिरायचं होतं तेव्हा आमचे वडीलही असेच बोलले होते. मुलीचे हात काळे होतील, नखं पिवळी पडतील, कोण विचारील. नखं पडली पिवळी. कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. तेव्हा तू वर जा. घाबरायचं माझ्यावर सोपव.

आणि डबीत वरून भर घालतेस ते वाचून बरं वाटलं. एवढी शिकवलेली माणसं दुकानात येऊन गेली, पण कामाची रीत तुझ्याच हातात राहिली. ताजं घालताना माप चुकवू नकोस.

आत्या

२६ फेब्रुवारी

ती. आत्या,

घाईत लिहिते आहे. आता कुठे जग दिसायला लागलंय. चष्म्यात कडेने सगळं वाकडं दिसायचं, लेन्समध्ये चारी बाजू सरळ. परवा विसाव्या मजल्यावरून पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मोज्यांचे जोड मोजले. सात होते आणि एक एकटाच.

बाबांचं पत्र आलं. खुर्चीला नवीन गादी बसवली म्हणतात. त्यांना सांग, मी गादीवर बसणार नाही. वर्षाच्या शेवटी दोन नंबरच्या परवान्याची परीक्षा आहे. तो मिळाला की दुसऱ्यांचे दोर मी बांधणार. त्याला वैद्यकीय तपासणी लागते, दोन्ही डोळे वेगवेगळे तपासतात. लेन्स लावून मला दोन्ही डोळ्यांनी खालची ओळ वाचता येते. आणखी काय हवं?

डावा डोळा दोन दिवस जरा लाल आहे. धूळ गेली असणार. बाकी छान.

तुझी भाची

५ मार्च

चि. माकडास,

पत्र मिळालं. अक्षर कुणाचं आहे ते आधी सांग.

मी चाळीस वर्षं फोटो तपासले, मला कागदावरचं दिसतं. जानेवारीतल्या पत्रात तुझी अक्षरं मुंगीएवढी होती आणि ओळी सुतात. या पत्रात अक्षरं दुप्पट मोठी, आणि प्रत्येक ओळ उजवीकडे वर चढत गेलेली. तू एक डोळा मिटून लिहिलंस. धूळ गेली की माणूस डोळा चोळतो, दोन दिवस मिटून बसत नाही.

डोळा दुखतोय का? उजेड सोसतो का? पाणी येतंय का? यातलं एक जरी हो असेल तर हे पत्र वाचून संपवायच्याही आधी लेन्स काढ आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मुकादमाला विचारत बसू नकोस. तो काय करेल ते करेल. चष्मा लाव, अर्धा असेल तर अर्धा लाव.

मोज्यांचे जोड मोजलेस ते पुरे झालं. मला खरं लिही.

आत्या

१८ मार्च

ती. आत्या,

तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते, आणि आज दोन्ही डोळे उघडे ठेवून लिहिते आहे, बघ ओळी.

तुझं पत्र मिळालं त्याआधीच मी डोळ्यांच्या दवाखान्यात पोचले होते. चार दिवस लाल डोळा घेऊन दोरावर गेले. पाचव्या दिवशी सकाळी खिडकी उघडली आणि डोळ्यात कुणी सुई खुपसावी तसं झालं. जोडीदारीण हाताला धरून घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी दिव्याच्या यंत्रातून बघितलं आणि म्हणाल्या, बुबुळावर जंतूंची जखम आहे. डाव्या बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका आहे, मला आरशातसुद्धा दिसला. आणखी दोन दिवस दोरावर घालवले असते तर तो ठिपका मधोमध आला असता, असं त्या म्हणाल्या.

दर तासाला थेंब. दिवसा दर तासाला, रात्रीही दर तासाला, पहिले तीन दिवस. जोडीदारीण आणि मी आलटून पालटून गजर लावायचो. ती झोपेत माझ्या कानात थेंब घालायला निघाली होती एकदा.

लेन्स किती दिवस बंद ते अजून सांगत नाहीत. डबी मागून घेतली, तपासायला पाठवली. हे धुळीनं झालं, आमच्या कामात धूळ फार. बाबांना सांगितलंस तर मी तुला पुन्हा कधी काही लिहिणार नाही.

तुझी भाची

२५ मार्च

चि. माकडास,

तू खोटं लिहिलंस, आणि तेही माझ्यासाठी. धुळीनं झालं असतं तर डबी कशाला तपासायला पाठवली?

तुझं जानेवारीचं पत्र काढून परत वाचलं. मग ते घेऊन चौकातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. त्या माणसाला एका चिठ्ठीवर लिहून विचारलं, लेन्सच्या डबीत जुन्यावर ताजं औषध घातलं तर काय होतं? त्याने माझ्याकडे बघितलं, डोक्याला हात लावला आणि त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. जुन्या औषधाची ताकद आदल्या रात्रीच संपलेली असते. त्यात जे जंतू उरतात ते तिथेच वाढतात. ताजं वर घातलं की तेही पातळ होतं. डबी रोज रिकामी करायची, नवीन औषधाने खंगाळायची, पुसून उपडी ठेवून कोरडी करायची. आणि तीन महिन्यांनी फेकून नवीन घ्यायची.

बाईने रोज नवीन घाला म्हटलं. कुणीही आधी जुनं ओतलं असतं. फक्त आपल्या घरातल्या मुलीला वाटलं की जुनं ठेवायचं असतं. डेव्हलपर फोटो धुतो, त्याला मुरलेलं चालतं. हे जंतू मारायचं औषध. काल मारून दमलेलं आज काय मारणार? एवढं साधं मला कळायला हवं होतं. मी तुला शाबासकी लिहून पाठवली. माप चुकवू नकोस म्हणून लिहिलं. पोरी, माझ्या हातून तुझा डोळा गेला असता. पाच दिवस झाले, मला जेवण जात नाही.

दादाला मी सांगितलं. सगळं सांगितलं, चूक कुणाची तेही. तू नाही लिहिलंस तरी चालेल, पण मी लपवणार नव्हते. तो उद्या तुला घ्यायला निघणार म्हणाला. मी दुकानाच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझी आहे, शिक्षा तिला देऊन चालणार नाही. तिला आणायचं असेल तर आधी मला उचलून बाजूला ठेव. त्याने उचललं नाही. आता आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. तसंही मला ऐकू येत नव्हतंच, घर पूर्वीसारखंच चाललंय.

आत्या

३ एप्रिल

ती. आत्या,

जेव. आधी जेव, मग पुढचं वाच.

आता ऐक. डोळा माझा, डबी माझी, हात माझे. लेन्सच्या खोक्यात एक घडीचा कागद होता, बारीक अक्षरात सगळं छापलेलं. मी तो उघडला नाही, मला सगळं येतं म्हणून. तू मला डोळ्यात डेव्हलपर घालायला शिकवलं नव्हतंस. आणि डोळा लाल झाल्यावर चार दिवस दोरावर कोण गेलं? तू गेलीस का? चूक वाटून घ्यायची तर माझा वाटा मोठा, आणि तो मी कुणाला देणार नाही.

डबीत जंतू निघाले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी त्यांना बाटलीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, पंधरा वर्षांत हे कारण पहिल्यांदा ऐकलं.

जखम भरते आहे. पांढरा ठिपका लहान होतोय, पूर्ण जाणार नाही, कडेला राहील. नजरेच्या मध्ये नाही म्हणून वाचले. बाबांनी लिहिलंय की मुलीला दोन डोळे एकदाच मिळतात. ते खरं आहे. पण त्यांच्या पत्रात पुढे खुर्ची येते, तिथे मी वाचणं थांबवते. दोन डोळे वाचवायचे म्हणून झेरॉक्सच्या उजेडात बसून घालवायचे, हे मला पटत नाही. मी डोळे नीट सांभाळायला शिकेन आणि वर जाईन. त्यांना तसं सांग. म्हणजे बोलायला लागलीस की सांग.

सध्या खाली बादल्या भरते आहे. नव्या चष्म्यातून.

तुझी भाची

११ एप्रिल

चि. माकडास,

जेवले. वरण जळलं होतं तरी जेवले.

तुझा वाटा तुला ठेव, माझा माझ्याकडे राहू दे. मोरीत जाऊन ती मोठी बाटली रिकामी केली. आता तिचा कुणाला काही उपयोग नव्हता, मीच आपली धरून बसले होते.

तुला एकच विचारते. पुन्हा लेन्स लावशील तेव्हा एखाद्या दिवशी घाई असेल, मुकादम डोक्यावर उभा असेल, साबण नसेल. त्या दिवशी काय करशील? हे मला लिहू नकोस, त्या दिवशी कर.

दादाशी बोलायला लागले. सुरुवात त्याने केली, मीठ मागून.

आत्या

३० मे

ती. आत्या,

तो दिवस आला, आणि मी सांगितल्याशिवाय राहू शकत नाही.

आधी चांगलं. डॉक्टरीणबाईंनी महिन्यापूर्वी परवानगी दिली. आता रोज नवीन लेन्स. सकाळी पाकीट फाडायचं, संध्याकाळी काढून फेकायचं. डबी नाही, औषध नाही. एकदा वापरलेली पुन्हा घालायची नाही, कितीही जीव तुटला तरी. पहिल्या दिवशी चांगली धडधाकट लेन्स कचऱ्यात टाकताना मला तुझी फार आठवण आली. हात धुवून, कोरडे करून, आधी उजवी मग डावी, दर सकाळी तसंच, म्हणजे अदलाबदल होत नाही. डोळ्यात काही खुपलं, लाल दिसलं की काढायची आणि चष्मा. पिशवीत एक जास्तीचं पाकीट, छोटा साबण, स्वच्छ फडकं आणि चष्मा नेहमी.

मंगळवारी बावीस मजली इमारत होती. आम्ही गच्चीवर आपापले दोर बांधत होतो. जोराचा वारा आला आणि बादलीतलं साबणाचं पाणी माझ्या डाव्या डोळ्यात उडालं. लेन्स काढून फेकली. नवीन पाकीट खिशात होतं, पण हात कोपरापर्यंत साबणाने आणि दोराच्या काळ्याने माखलेले. गच्चीवर पाण्याच्या टाकीचा एक नळ, त्याखाली शेवाळ. मी म्हटलं, खाली जाऊन हात धुवून येते. सामानाची लिफ्ट बंद होती, दुसरी आम्हाला वापरू देत नाहीत, म्हणजे बावीस मजले जिने.

मुकादम म्हणाला, पॅन्टला हात पूस आणि घाल. सगळे खोळंबलेत. मी म्हटलं नाही. तो म्हणाला, मग नळाखाली धर लेन्स, पाणीच आहे, विष नाही. मी पुन्हा नाही म्हटलं. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की खाली गेलीस तर वर येऊ नकोस.

मी म्हटलं, "दोर तुमचा आहे. डोळा माझा आहे." आणि उतरायला लागले.

आत्या, खोटं लिहीत नाही, कठड्याला धरून उतरले. आठव्या मजल्यावर एकदा बसले. वाटलं, दोन महिने बादल्या भरून परत मिळवलेलं सगळं एका लेन्सपायी घालवतेय. पण डोळ्यात सुई घुसल्यासारखं दुखतं ते एकदा भोगल्यावर माणूस विसरत नाही. खाली पहारेकऱ्याच्या न्हाणीघरात हात साबणाने धुतले, माझ्या फडक्याने कोरडे केले, लेन्स घातली. परत बावीस मजले चढले. माझ्या दोरावर दुसराच माणूस गेला होता. मुकादमाने माझ्याकडे बघितलंच नाही. संध्याकाळी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

मी दुसऱ्या दिवशी गेले. पट्टा घालून, हेल्मेट घालून फाटकाशी उभी राहिले. तो म्हणाला जा, मी म्हटलं जात नाही. आणि तेव्हा माझी जोडीदारीण तिचा पट्टा काढून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ही बाई दिवसभरात दहा शब्द बोलत नाही. वर जाण्याआधी आम्ही एकमेकींच्या गाठी तपासतो, तो नियम आहे. ती मुकादमाला म्हणाली, "माझी गाठ तपासायला मला हीच पाहिजे. जी स्वतःच्या डोळ्याला फसवत नाही ती माझ्या गाठीला कशाला फसवेल?"

मग आणखी दोघांनी पट्टे सोडले. त्यातला एक तर स्वतः लेन्स लावतो आणि दुपारी घालूनच झोपतो, हे त्याने आम्हाला तिथेच पहिल्यांदा सांगितलं. मुकादम बराच वेळ बडबडला. शेवटी म्हणाला, उभे काय राहिलात, ऊन चढलं. आता रोज गच्चीवर झाकणाची स्वच्छ पाण्याची कॅन आणि साबण येतो. मुकादम तो साबण स्वतःही वापरतो, कुणी बघत नसलं की.

तपासणी झाली. उजवा डोळा खालच्या ओळीपर्यंत. डावा एक ओळ कमी, पण चालतो म्हणाले. परीक्षेचा अर्ज भरला.

तुझी भाची

८ जून

चि. माकडास,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, दादासमोर, त्याने न मागता. आठव्या मजल्यावर बसलीस तिथे मी तीच ओळ दोनदा वाचली, तेव्हा त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि पुढचं त्याने वाचलं. मला ऐकू आलं नाही, पण ओठ दिसत होते. जोडीदारणीच्या वाक्याशी तो थांबला. मग उठून दुकानात गेला.

मी विचारलं होतं त्या दिवशी काय करशील. उत्तर मिळालं. मला आता झोप लागते.

खालच्या चार ओळी त्याच्या आहेत. मी त्याला लिहायला सांगितलेल्या नाहीत, आणि वाचल्याही नाहीत असं समज.

आत्या

चि. बाळ, सोमवारी तिकडे येतोय. कुठल्या इमारतीवर असशील ते कळव. घ्यायला येत नाहीये. खाली रस्त्याच्या पलीकडे उभा राहीन, मध्ये येणार नाही, हाक मारणार नाही. एकदा बघायचं आहे. खुर्चीवर आता मांजर बसतं. — बाबा

१७ जून

ती. बाबा,

तुम्ही गेल्यावर लिहायला बसले, कारण समोर बोलायचं तेव्हा आपण दोघं फक्त चहा थंड झाला एवढंच बोललो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे हाक मारली नाहीत. पण एका जागी उभे राहायला हवं होतं. तीन तासांत त्या फुटपाथवर तुम्ही इतक्या फेऱ्या मारल्यात की कोपऱ्यावरच्या वर्तमानपत्रवाल्याने माझ्या जोडीदारणीला विचारलं, त्या गृहस्थांचं काही हरवलंय का?

मला माहीत आहे तुम्हाला काय विचारायचं होतं. चहा पिताना तीनदा माझ्या डाव्या डोळ्याकडे बघितलंत आणि तीनदा साखर ढवळलीत. विचारलं असतंत तरी चाललं असतं. तर सांगते. मी पाचव्या मजल्यावर उतरले तेव्हा तुम्ही समोर उभे होतात. दोराला टेकून मी उजवा डोळा हाताने झाकला आणि फक्त डाव्याने तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही शर्टाची गुंडी एक घर चुकवून लावली होतीत, बाबा. डावं टोक वर आणि उजवं खाली. सकाळपासून तसेच फिरत होतात.

तुमची मुलगी